वाल्मीकरावांचा ट्रक विजेवर येतो

गुरुग्रामच्या 'सिल्व्हन ग्रीन्स' सोसायटीत हिरवं म्हणाल तर मेन गेट, आणि टॉवर बीच्या मागचं लॉन. लॉनवरचं गवत प्लॅस्टिकचं आहे, पण माळ्याला पगार मिळतो म्हणून तो बिचारा त्याला रोज पाणी घालतो. अशा या सोसायटीत नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी आगीचा भोंगा वाजला आणि अख्खा टॉवर जिन्याने खाली आला.

रामटेक्यांच्या समोरच्या फ्लॅटमधला जयदीप छातीशी एअर प्युरिफायर धरून उतरला. मूळचा पुण्याचा, त्यामुळे घाबरला होता तरी रेलिंगवरची धूळ बघून नाक मुरडायला विसरला नाही. त्याची बायको रुचिता म्हणाली, "अरे, आणि आई?"

"त्या येतायत ना हळूहळू," जयदीप म्हणाला. "ह्याला कुठे चालता येतंय?"

सोसायटीचे सेक्रेटरी तंवरजी अर्ध्या मिशीला कलप लावून आले होते. उरलेली अर्धी त्यांच्या खऱ्या वयाची होती. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली, आणि ती नजर सगळ्यात मागे उभ्या असलेल्या वाल्मीकराव रामटेक्यांवर जाऊन थांबली. वाल्मीकरावांनी अंगावर शाल घेतली होती. शालीखाली काहीतरी हातभर लांब, चौकोनी लपवलेलं होतं. आणि शालीतून धूर येत होता.

"रामटेकेजी," तंवरजी शांतपणे म्हणाले, "आप जल रहे हो."

वाल्मीकरावांनी शाल फेकली. खाली होता त्यांचा ट्रक. भल्यामोठ्या चाकांचा, लाल, रिमोटवर धावणारा. सायलेन्सर अजून तापलेला होता आणि शालीला त्याने एक छान गोल भोक पाडलं होतं. ट्रकने सगळ्यांसमोर एक शेवटचा फुर्रर्र केला, निळसर धुराची एक गुंडाळी सोडली, आणि गप्प झाला.

"नाश्ता सोडून आलोय मी," गर्दीतून कुणीतरी मराठीत म्हणालं. तो जयदीपच होता.

हा ट्रक काही आजचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी चाणक्यपुरीत एका वकिलातीतला माणूस देश सोडून जाताना घरातलं सामान विकत होता. कुमुदताईंनी नवऱ्याला पडदे बघायला पाठवलं. वाल्मीकराव ट्रक घेऊन आले. रामटेक्यांच्या घराच्या खिडक्यांना पुढे दोन वर्षं जुन्या चादरी होत्या.

ट्रक खेळण्यातला असला तरी इंजिन खरं होतं. नायट्रो नावाच्या उग्र वासाच्या इंधनावर ते चालायचं. दोरी ओढून सुरू करायचं, आणि सुरू झालं रे झालं की लगेच रिमोटवरची एक बारीक कळ दोन खटके वर सरकवायची. त्याला वाल्मीकराव 'दम देणं' म्हणत. दम दिला की इंजिन जागच्या जागी फुरफुरत राहायचं, नाहीतर रुसून बंद पडायचं. नऊ वर्षांत अंगठ्याला इतकी सवय झाली होती, की टीव्हीचा रिमोट हातात घेतला तरी अंगठा आधी दम द्यायचा आणि आवाज दोन घरं वाढायचा. ट्रक पळत असताना त्याच्याकडे बघायचीही गरज नसे. त्या आवाजावरून वाल्मीकराव सांगत, आता कोपऱ्यावर आला, आता वळला, आता कुणाच्या तरी स्कूटरला धडकला.

बाहेर हवा बिघडली होती, सरकारचे निर्बंध लागले होते, सोसायटीत तंदूरही बंद होता. म्हणून वाल्मीकरावांनी समंजसपणे विचार केला, की उघड्यावर धूर नको. आणि ट्रक बेसमेंटमध्ये नेऊन सुरू केला.

त्या दिवशी घरी कोर्ट बसलं. कुमुदताई शाळेत व्हाइस प्रिन्सिपल होत्या, त्यामुळे त्यांना कोर्ट बसवायला वेळ लागत नसे.

"अहो, बास झालं आता. लिफ्टमध्ये शिरले की लोक माझ्याकडे बघून नाक दाबतात."

"ते परफ्यूममुळे असेल."

"पंधरा दिवस देते. तोवर त्या ट्रकचा धूर, वास, आवाज, सगळं बंद. त्यानंतरच्या रविवारी तो सगळ्यांसमोर चालवून दाखवा. त्या दिवसभरात सोसायटीच्या ग्रुपवर एक, एक जरी तक्रार आली, तर ट्रक नागपूरला. समाधानकडे."

समाधान म्हणजे कुमुदताईंचा धाकटा भाऊ. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याकडे एक शोकेस होती. त्या शोकेसमध्ये गेलेली वस्तू परत बाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती. आत एक बॅट होती जिने कधी चेंडू पाहिला नव्हता, आणि एक टी-सेट होता ज्याने कधी चहा पाहिला नव्हता. काचेआड, प्लॅस्टिकच्या गुलाबाशेजारी, आपला ट्रक! त्यापेक्षा भंगारवाला बरा, तो निदान फिरवतो तरी.

"ठीक आहे," वाल्मीकराव ताठ बसून म्हणाले. "मी ट्रक विजेवर आणतो."

श्रावस्ती, त्यांची मुलगी, सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. ती एकदम सरळ झाली. ती मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती आणि रोज सकाळी कंपनीच्या बसने जाऊन विजेच्या मोटरीच तपासायची.

"बाबा, मस्त! मी हेल्प करते ना. शनिवारी बसलो तर दोन तासांचं काम आहे."

"नको. हे विभागीय काम आहे. बाहेरची एजन्सी नको."

"मी बाहेरची?"

"बेटा, विजेच्या वाहनांची फाईल माझ्या टेबलावर आहे. तू शाळेत होतीस तेव्हापासून आहे."

हे मात्र खरं होतं. वाल्मीकराव केंद्राच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. देशाने पेट्रोल सोडून विजेकडे वळावं, असं टिपण त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं की ते झोपेत लिहू शकत, आणि दुपारी डबा खाल्ल्यावर लिहीतही. आता अख्खा देश वळवायचा माणूस एक ट्रक वळवू शकणार नाही, असं कसं होईल?

मग सुरू झालं विभागीय काम.

पहिला आठवडा ट्रक खोलण्यात गेला. इंजिन निघालं, सायलेन्सर निघाला, इंधनाची टाकी निघाली, इंजिनाचा श्वास कमीजास्त करणारी छोटी यंत्रणा निघाली. वाल्मीकराव एकेक भाग काढून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडत होते आणि प्रत्येकाकडे जरा वेळ बघत बसत होते.

"तो काय नळ आहे का?" कुमुदताईंनी पोळी वाढताना विचारलं.

"कार्ब्युरेटर आहे."

"भाजीत पडला होता. धुऊन घ्या."

त्यांच्या बोटांना नायट्रोचा वास होता, पोळीला बोटांचा होता, आणि त्या आठवड्यात घरात सगळे काट्याचमच्याने जेवले.

मग नवी मोटर आली, बॅटरी आली, आणि एक काडेपेटीएवढी डबी आली. मोटरला किती वीज सोडायची हे ती डबी ठरवते. वाल्मीकरावांना ती बघताक्षणी आवडली. सगळी वीज तिच्या सहीनेच पुढे जाणार होती.

अडचण आली दात्यांची. मोटरचं छोटं दातेरी चाक आणि ट्रकचं मोठं दातेरी चाक एकमेकांत बसायला हवं. फार घट्ट बसलं तर अडकतं, सैल बसलं तर घासतं. इंटरनेटवर एका माणसाने युक्ती सांगितली होती, की दोन्हींच्या मध्ये कागदाची पातळ चिठ्ठी ठेवा, चाकं दाबून स्क्रू आवळा, मग चिठ्ठी ओढून काढा. जेवढी फट राहील तेवढी बरोबर. सोपं होतं. पण वाल्मीकरावांना घरात सापडला तो कागद म्हणजे तंवरजींच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका. दिल्लीकडची लग्नपत्रिका म्हणजे कागद नसतो, फर्निचर असतं. मखमल लावलेली, सोनेरी कडेची, आत बदामाच्या डबीला जागा असलेली. वाल्मीकरावांनी तिचा एक कोपरा कापून दात्यांमध्ये ठेवला आणि स्क्रू आवळले.

पहिल्यांदा मोटर फिरली तेव्हा घरातून असा आवाज निघाला, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी इंटरकॉमवर विचारलं, "भाभीजी, मोर पाला है क्या?"

"हे ग्रुपवर गेलं असतं तर?" कुमुदताई म्हणाल्या.

"आज रविवार नाही," वाल्मीकराव म्हणाले, आणि पत्रिका टाकून वर्तमानपत्राची चिठ्ठी घेतली. मोर गेला.

मग बॅटरी चार्ज करायची होती. वाल्मीकराव चार्जर लावणार तेवढ्यात तंवरजींचा फोन आला. गेटवर पार्सल आलं तेव्हा गार्डने त्यावर 'बॅटरी' वाचलं होतं.

"रामटेकेजी, फ्लॅट में इलेक्ट्रिक व्हीकल चार्ज करना अलाउड ना है. रूल है."

"तंवरजी, गाडी एवढीशी आहे. माझ्या मांडीवर मावते."

"रूल में साइज ना लिखा जी."

अवर सचिव असल्यामुळे वाल्मीकरावांना हे पटलं. नियमात आकार लिहिलेला नसेल तर माणसाने काय करावं? ते ट्रक घेऊन बेसमेंटमधल्या चार्जिंग पॉइंटवर गेले. तिथल्या गार्डने ट्रकला आधी सोसायटीचं हिरवं स्टिकर लावलं, कारण स्टिकरशिवाय गाडी तिथे उभीच करता येत नव्हती. मग आखलेल्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये ट्रक ठेवला, शेजारी वाल्मीकराव प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. मागे एक खरी, भलीमोठी विजेची गाडी येऊन थांबली. तिच्यातल्या बाईंनी हॉर्न वाजवला, काच खाली केली, पुढे रिकाम्या जागेत बसलेल्या गृहस्थांकडे बघितलं, मग त्यांच्या पायाशी बघितलं.

"अंकल, कितना टाइम?"

"बस, ऐंशी परसेंट झालं," वाल्मीकराव गंभीरपणे म्हणाले. "पीछे लग जाइए."

आणि त्या मागे लागल्या. दिल्लीकडे माणूस रांग बघून आधी लागतो, कशाची ते नंतर विचारतो.

शुक्रवारी घरातल्या पॅसेजमध्ये चाचणी झाली. वाल्मीकरावांनी रिमोटवरचा, बंदुकीच्या चापासारखा, पुढे जायचा घोडा दाबला आणि ट्रक उलटा पळत जाऊन कुमुदताईंच्या चपलांत घुसला. पुन्हा दाबला, पुन्हा मागे. मागे जायचा दाबला की झोकात पुढे.

"बाबा," श्रावस्ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मोटरला तीन वायर आहेत ना? त्यातल्या कुठल्यापण दोन एक्स्चेंज करा."

"मी विचारलं का?"

"नाही."

"मग."

वाल्मीकराव ट्रक घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली, दोन तारांची अदलाबदल केली, आणि बाहेर येऊन म्हणाले, "थोडा विचार केला. तारांचा प्रश्न होता."

"अच्छा," श्रावस्ती म्हणाली. "बाबा, तुम्ही जिनियस आहात यार."

बापाला काही ही थट्टा कळली नाही. किंवा कळली असेल, पण कामाच्या गडबडीत त्यांनी तिची नोंद घेतली नाही.

रविवार उजाडला. टॉवर बीच्या समोरच्या रस्त्यावर बरीच मंडळी जमली. तंवरजी पिवळ्या झब्ब्यात होते, कारण मागच्या लॉनवर त्यांच्या त्याच पुतणीची हळद होती. ढोलवाला आला होता, झेंडूच्या माळांचे ढीग पडले होते, केटररवाले टेबलं लावत होते. तंवरजी म्हणाले, "जल्दी दिखा दो रामटेकेजी, फूफाजी आने वाले हैं." आज मिशी दोन्ही बाजूंनी काळी होती.

जयदीप एअर प्युरिफायर घरी ठेवून, हात मागे बांधून फेऱ्या मारत होता. कुमुदताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या हातात मोबाइल होता, मोबाइलवर ग्रुप उघडा होता.

वाल्मीकरावांनी ट्रक रस्त्यावर ठेवला. बटण चालू केलं. ट्रकने दोनदा बीप केलं आणि गप्प उभा राहिला. किती सुंदर शांतता! वाल्मीकराव लोकांकडे वळले, ट्रककडे पाठ झाली, आणि बोलायला तोंड उघडता उघडता त्यांच्या अंगठ्याने, नऊ वर्षांच्या इमानदारीने, रिमोटवरची ती बारीक कळ दोन खटके वर सरकवली.

दम दिला.

इंजिनाला दम दिला की ते जागेवर फुरफुरतं. मोटरला दम दिला की ती निघते. ट्रक निघाला. मुंगीच्या पावलांनी, आवाज न करता, वाल्मीकरावांच्या पाठीमागून, लॉनच्या दिशेने.

"मित्रहो," वाल्मीकराव म्हणाले, "ऊर्जा परिवर्तन हा केवळ तंत्रज्ञानाचा विषय नाही..."

समोरची मंडळी हसायला लागली. वाल्मीकरावांना वाटलं, सुरुवात जमली. ते मग हिंदीत शिरले. स्वच्छ हवा, पुढची पिढी, आंतरविभागीय समन्वय. हशा वाढत चालला. आंतरविभागीय समन्वयावर आजवर कुणी हसलं नव्हतं. मंत्रालयात तर नाहीच. कुमुदताई हाताने मागे, मागे असं खुणावत होत्या.

"संपवतोच," ते हळूच त्यांना म्हणाले, आणि आवाज चढवून म्हणाले, "अब आप खुद देखिए! न धुआँ, न आवाज़!"

त्यांनी ट्रककडे न वळताच, रुबाबात, घोडा पूर्ण दाबला. आणि कान टवकारले.

काहीच ऐकू आलं नाही. अर्थात, तेच तर हवं होतं. पण मग ते वळले आणि तिथे रस्ता होता, ट्रक नव्हता. बोट मात्र घोड्यावर तसंच राहिलं. उलट माणूस घाबरला की जास्तच दाबतो.

टॉवर बीच्या कोपऱ्यापलीकडून एक किंचाळी आली. ती जयदीपची होती. तो फेरी मारत तिकडे पोचला होता, आणि ट्रक मागून येऊन त्याच्या दोन पायांमधून सुसाट गेला होता. जयदीप जागच्या जागी उडाला आणि शेवंतीच्या वाफ्यात बसला.

"ट्रक!" वाल्मीकराव धावले. मागून तंवरजी, मागून श्रावस्ती, मागून सगळी सभा.

कोपरा वळून बघतात तो ट्रक झेंडूच्या ढिगात शिरून पलीकडून बाहेर पडत होता. पण आता तो लाल राहिला नव्हता. अंगभर माळा गुंडाळलेल्या, मागे पाच-सहा हात लांब माळ फरफटत, टपावर एक गोंडा. तो तसाच हळदीच्या मांडवात घुसला. ढोल जोरात चालला होता, त्यामुळे तो येतोय हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. बायकांच्या रांगेतून वाट काढत तो थेट नवरीच्या चौरंगासमोर आला. तेवढ्यात वाल्मीकरावांनी घोडा सोडून ब्रेक मारला.

ट्रक थांबला. मांडव थांबला. ढोलवाल्याच्या हातातली काठी वरच राहिली.

"ओ हो हो!" नवरीची एक मैत्रीण ओरडली. "एंट्री! क्या एंट्री है यार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिल्लीकडच्या हळदीत नवरी पालखीतून येते, बुलेटवरून येते, एकदा तर क्रेनवरून आली होती. हळदीची वाटी ट्रकवरून येणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. इव्हेंटवाल्याने तर मान झुकवून स्वतःच श्रेय घेतलं. कुणीतरी लगबगीने भरलेली वाटी ट्रकच्या टपावर ठेवली.

पण दम दिलेलाच होता. वाल्मीकरावांनी ब्रेक सोडला की ट्रक पुढे सरकायचा. ते दचकून ब्रेक मारायचे. सोडला, सरकला. मारला, थांबला. ढोलवाल्याने हे बघितलं आणि त्याच ठेक्यावर ढोल धरला. ट्रक नाचायला लागला! बायका त्याच्याभोवती गोल करून नाचायला लागल्या. वाल्मीकराव मांडवाच्या खांबाआड उभे राहून घामाघूम होऊन ब्रेक मारत होते, आणि जितके घाबरत होते तितका ट्रक रंगात येत होता.

"अहो, बंद करा!" कुमुदताई कानाशी कुजबुजल्या.

"बंद केला तर कळेल, चुकून आलाय!"

शेवटी तंवरजी ट्रक पकडायला वाकले. ट्रक सरकला. वाटी उलटली आणि सगळी हळद मिशीपासून खाली, थेट पिवळ्या झब्ब्यावर. तंवरजींनी डोळे पुसले. आणि मग त्यांचे फूफाजी, म्हणजे आतोबा, नुकतेच आलेले, हसत हसत म्हणाले, "भई, हल्दी तो ढंग से लगी!"

हळदीत हळद लागली, त्यात तक्रार कसली करणार?

दुपारी घरी येऊन श्रावस्तीने रिमोट हातात घेतला आणि बघतच राहिली.

"बाबा, हे ट्रिम वर कुणी केलं?"

"मीच. दम दिला."

"दम?"

"म्हणजे बंद पडू नये म्हणून."

श्रावस्तीने कपाळावर हात मारला. "बाबा, इलेक्ट्रिक गाडी बंद पडत नाही हो. ती उभी असते तेव्हा बंदच असते!"

वाल्मीकरावांनी रिमोट तिच्या हातून घेतला. इतकी वर्षं फाईल टेबलावर होती, पण हा मुद्दा कुठल्याच टिपणात आला नव्हता. मग त्यांनी अंगठ्याने कळ खाली केली. अंगठा जरा नाराजच दिसला.

उरलेला दिवस घरात सगळे कुमुदताईंच्या मोबाइलभोवती बसले होते. ग्रुपवर मेसेजवर मेसेज पडत होते. ट्रक नाचतानाचा व्हिडिओ, हसरे चेहरे, हात जोडलेले, हृदयं. टॉवर ए मधल्या बाईंनी विचारलं, ट्रक साखरपुड्याला मिळेल का. कुणी म्हणालं, अंगठी घेऊन येईल का. तंवरजींनी स्वतःचा पिवळाधमक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ब्लेसिंग्ज.' संध्याकाळ झाली. वाल्मीकराव ट्रकच्या चाकातून झेंडूच्या पाकळ्या चिमट्याने काढत, गुणगुणत बसले होते.

आणि मग टुण्ण झालं.

कुमुदताईंनी वाचलं. मोठ्याने वाचलं. जयदीपचा मेसेज होता, इंग्रजीत, परिच्छेद पाडून. आज सकाळी एक वाहन त्याच्या पायांमधून गेलं. ते बिलकूल आवाज करत नाही. मागून येतं आणि माणसाला कळत नाही. हे धोकादायक आहे. तरी संबंधितांनी सदर वाहनाला ताबडतोब आवाज बसवावा.

"म्हणजे सूचना आहे," वाल्मीकराव चाचरत म्हणाले. "सूचना वेगळी, तक्रार वेगळी. आमच्याकडे दोन्हींचे सेक्शन वेगळे असतात."

"तक्रार आहे," कुमुदताई म्हणाल्या.

"त्याने 'तक्रार' असा शब्द..."

"अहो, खाली ग्रुपच्या आयकॉनएवढा लाल त्रिकोण टाकलाय. ठरलं होतं ना? 'एक जरी' असं म्हणाले होते मी."

ठरलं होतं. वाल्मीकराव उठले, माळ्यावरून मिक्सरचा रिकामा खोका काढला, आणि ट्रक त्यात ठेवायला लागले. मोठी चाकं खोक्यात मावत नव्हती. त्यांनी एकेक चाक काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. श्रावस्ती म्हणाली, "आई, प्लीज यार," पण आईचं लक्ष नव्हतं. आई मेसेज पुन्हा वाचत होती.

"आवाज बसवावा," कुमुदताई हळूच म्हणाल्या. मग जरा मोठ्याने म्हणाल्या, "आवाज बसवावा?"

वाल्मीकराव दुसरं चाक गुंडाळता गुंडाळता थांबले.

"नऊ वर्षं," कुमुदताई म्हणाल्या. "नऊ वर्षं हा माणूस मला लिफ्टमध्ये गाठून सांगतोय, वहिनी, तुमच्या मिस्टरांच्या ट्रकचा आवाज. वहिनी, माझी दुपारची झोप. वहिनी, माझा कॉल. मी याची माफी मागितली, दिवाळीला याच्या घरी जास्तीचा चिवडा पाठवला, नवऱ्याशी भांडले, घरात आठवडाभर काट्याचमच्याने पोळी खाल्ली! आणि आता याला आवाज हवाय?"

"असू दे ना," वाल्मीकराव म्हणाले. "तसा शेवंतीत बसला बिचारा."

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

ग्रुपवर एव्हाना दोन पक्ष पडले होते. कुणी म्हणे हॉर्न लावा, कुणी म्हणे घंटा, कुणी म्हणे भजन लावा. तंवरजींनी सुचवलं, रिव्हर्स घेताना वाजतं तसं काहीतरी. जयदीपने लिहिलं, 'पहले वाली आवाज़ भी चलेगी.'

ते वाचून कुमुदताईंचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा नाकावर घट्ट केला आणि एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. श्रावस्ती मागून डोकावून वाचायला लागली आणि तोंडावर हात दाबून हसायला लागली.

"काय लिहितेयस?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"आई लिहितेय, हमारे ट्रक में कोई आवाज़ नहीं लगेगी," श्रावस्तीने वाचून दाखवलं. "हमारा ट्रक शांत है और शांत रहेगा. जिनको आवाज़ चाहिए वो मुझसे लिफ्ट में मिलें."

वाल्मीकरावांनी हातातलं चाक खाली ठेवलं. हमारा. नऊ वर्षांत हा ट्रक या घरात 'तुमचा', 'तो', 'ते खोकं' आणि एकदा पाहुण्यांसमोर 'यांचं दुसरं लग्न' होता. हमारा कधीच नव्हता.

"पण कुमुद," ते जपून म्हणाले, "तक्रार आली ना. ठरलं होतं."

"कुठली तक्रार?" कुमुदताईंनी मान वर केली नाही, बोट चालूच होतं. "ती तक्रार नाही हो. तो जयदीप आहे."

टुण्ण झालं. जयदीपचं उत्तर आलं होतं. कुमुदताई खुर्ची ओढून नीट बसल्या.

"श्रावस्ती, चहा टाक. आणि अहो, तुम्ही त्याची चाकं परत लावा. मी याला आटपून येतेच."